गावकी, देवस्व आणि अन्नदान : गोमंतकाच्या भाताची कहाणी

गोमंतकातील कोणत्याही देवस्थानाच्या जत्रेला गेलेला भाविक देवदर्शन आटोपून महाप्रसादाच्या पंगतीला बसतो, तेव्हा पानावर वाढलेला भात कोणत्या शेतातून आला, हा प्रश्न त्याच्या मनात सहसा उद्भवत नाही. साठ-सत्तर वर्षांपूर्वी हा प्रश्न विचारावाच लागत नसे, कारण त्याचे उत्तर पंगतीतल्या प्रत्येकाला ठाऊक असे. भात देवाच्या शेतातला असे. ते शेत कोण कसतो, बांध कोणी घातला, कोठीत भात केव्हा येऊन पडले आणि सडून-कांडून कोणी दिले, ही सारी माहिती गावाच्या व्यवहारात मिसळून गेलेली होती. आज देवस्थानांतील अन्नसंतर्पणे पूर्वीपेक्षा अधिक थाटाने होतात. मात्र तांदूळ बाजारातून येतो. अन्नदानाचा अखेरचा दुवा, म्हणजे शिजविणे आणि वाढणे, तेवढा महाजनांच्या हाती उरला आहे. त्यामागची सारी साखळी काळाच्या ओघात तुटली. ती साखळी कशी घडली होती, कशाने तुटली आणि तिच्यातून आजच्या पिढीने काय घेण्याजोगे आहे, याचा विचार देवस्थानाच्या स्मरणिकेत होणे अप्रस्तुत ठरू नये.

अन्न ही दानाची वस्तू होण्यापूर्वी ती श्रमाची वस्तू असते. तैत्तिरीय उपनिषदाने अन्नाची निंदा न करणे आणि अन्न वाढविणे यांना व्रत म्हटले आहे. तेथे वाढविणे म्हणजे विपुल निर्माण करणे होय, केवळ पानात वाढणे नव्हे. गोमंतकाच्या पूर्वजांनी हे व्रत ज्या प्रकारे आचरिले, त्याचे नाव गावकी.

खाऱ्या पाण्यातून काढलेले शेत

गोव्याची भूमी निसर्गाने संपन्न खरी, पण भाताच्या बाबतीत ती फारशी उदार नाही. पूर्वेकडे सह्याद्री, मध्ये जांभ्या दगडाची सडे-पठारे आणि पश्चिमेकडे मांडवी, जुवारी यांसारख्या नद्यांच्या मुखांतून दूरवर आत शिरणारे भरतीचे खारे पाणी, अशी तिची रचना. सपाट गाळाची जमीन जेथे आहे, तेथे दिवसातून दोनदा समुद्र येऊन जातो. अशा ठिकाणी भात पिकवायचे तर आधी समुद्राला थोपविले पाहिजे. हे काम एका कुटुंबाच्या आवाक्यातले नव्हे.

खाजन शेतीचा उगम या गरजेतून झाला. बांदिवडे येथे सापडलेल्या, सहाव्या शतकाच्या सुमाराच्या मानल्या जाणाऱ्या एका ताम्रपटात, कोकणच्या मौर्य घराण्यातील अनिर्जितवर्मा या राजाने ‘खज्जन’ जमीन दान दिल्याचा उल्लेख येतो. म्हणजे खाऱ्या पाण्याला बांध घालून शेत निर्माण करण्याची विद्या या भूमीत किमान चौदाशे वर्षे नांदत आहे. ज्या अंत्रुज महालात पुढे देवांनी आश्रय घेतला, तेथेच हा ताम्रपट मिळावा, हा एक अर्थपूर्ण योगायोग होय.

खाजनाचा बांध हा चिखल, गवताचा पेंढा आणि जांभा दगड यांचा असे. पाण्याची ये-जा राखण्यासाठी बांधात ‘मानस’ बसविलेली असे. मानशीची लाकडी दारे भरतीच्या पाण्याच्या दाबाने आपोआप मिटत आणि ओहोटी लागली की आतले पाणी त्यांना ढकलून बाहेर पडे. पावसाळ्याच्या पहिल्या सरी जमिनीतील मीठ धुऊन नेत, ते पाणी मानशीवाटे नदीत जाई आणि मग मोड आणलेले बी पेरले जाई. कोरगूट, असगो यांसारखे खारटपणा सोसणारे भात येथे होई. उंच जागेवरील मोरड, सखल गोड्या पाण्याची केर आणि समुद्राच्या पातळीवरील खाजन असे जमिनीचे प्रकार, तर सरद आणि वायंगण असे पिकांचे दोन हंगाम, या शब्दांभोवती गोमंतकीय शेतकऱ्याचे वर्ष फिरत असे.

या व्यवस्थेचे मर्म असे, की एका ठिकाणी बांध फुटला तर एकाचे नव्हे, सर्वांचे शेत खारे होई आणि एकदा मीठ शिरलेली जमीन पूर्ववत होण्यास पुढचे काही पावसाळे लागत. त्यामुळे बांधाची देखभाल हा कोणाच्या मर्जीचा प्रश्न राहिला नाही. शेजाऱ्याची मेर राखली नाही तर आपलेही ताट रिकामे राहील, हे ज्ञान पुस्तकातून नव्हे, भरतीच्या पाण्याने शिकविलेले होते.

गावकीचा हिशेब

बांध सर्वांचा, म्हणून शेतही सर्वांचे, या न्यायाने गावकी उभी राहिली. गावातील जमीन मूळ वसाहत करणाऱ्या गावकारांच्या कुळांनी समाईक धरली. १५१० साली तिसवाडी जिंकल्यानंतर पोर्तुगीजांना ही संस्था इतकी दृढ आढळली, की ती मोडण्याऐवजी त्यांनी तिचे रिवाज लिहून घेतले. आफोंसो मेशिया या अधिकाऱ्याने १५२६ साली तयार केलेली ४९ कलमांची सनद हा त्या रिवाजांचा पहिला लिखित संग्रह होय. ओसाड बेटावर चार माणसे आली, त्यांनी ते लागवडीस आणले आणि त्यांच्या वंशजांकडे गावाचा कारभार राहिला, अशी गावकारांची परंपरागत समजूत त्या सनदेत नमूद आहे. पुढे फिलिप नेरी शाविएर यांनी १८५२ साली या संस्थांचा इतिहास ग्रंथरूपाने मांडला, तर विसाव्या शतकात गोमंतकाचेच सुपुत्र दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी जुन्या काबिजादीतील ग्रामसंस्थांवर मर्मग्राही निबंध लिहिला. गावकीच्या अभ्यासाची परंपरा अशी समृद्ध आहे.

गावकीचा हिशेब साधा होता. शेते ठरावीक मुदतीने पावणीत काढून कसावयास दिली जात. आलेल्या उत्पन्नातून प्रथम सरकारचा धारा, मग देवाची सेवा, मग गावच्या सेवेकऱ्यांचा वाटा, मग बांध, मानशी, वाटा, तळी यांची दुरुस्ती असा क्रम असे. एवढे सर्व भागल्यावर उरेल ते गावकारांत ‘जोण’ म्हणून वाटले जाई. तूट आली तर तीही गावकारांनी वाटून सोसावयाची असे. आजच्या भाषेत सांगावयाचे तर देव, सेवेकरी आणि बांध हे धनको आधी आणि मालक सर्वांत शेवटी. ज्या संस्थेत मालकाचा वाटा अखेरीस काढला जातो, ती शतकानुशतके टिकावी यात आश्चर्य नाही.

देवाच्या सेवेसाठी आणि सेवेकऱ्यांच्या निर्वाहासाठी काही जमिनी वेगळ्या काढून ठेवलेल्या असत. शिलालेखांत ‘नमस्य’ या शब्दाने ओळखल्या जाणाऱ्या या देवस्व जमिनी. बांदिवडे येथील नागेशी देवस्थानच्या आवारातील १४१३ सालचा शिलालेख देवासाठी दिलेल्या अशाच भूमिदानाची साक्ष देत आजही उभा आहे. देवळाचा भट, गुरव, फुलकार, वाजंत्री, मशालजी, कुंभार, गावचा राखणदार, या प्रत्येकाचा वाटा या जमिनींच्या पिकात असे. देऊळ हे या अर्थाने गावाचे कोठार होते. नव्याच्या पंचमीला पहिली कणसे देवापुढे ठेवल्यावाचून नवे भात घरात शिजत नसे, यामागे केवळ श्रद्धा नव्हती. पीक हे एकट्याचे नाही याची ती वार्षिक कबुली होती. धर्मांतर झालेल्या गावांतही ही कबुली पुसली गेली नाही. साष्टीतील राय येथे ५ ऑगस्टला आणि तिसवाडीतील ताळगाव येथे २१ ऑगस्टला साजरे होणारे कणसांचे फेस्त हे त्याचेच दुसरे रूप होय.

देव गेले, शेते मागे राहिली

सोळाव्या शतकातील धर्मच्छळाचा इतिहास महाजन घराण्यांना परिचित आहे. तो बहुधा मूर्तींच्या स्थलांतराचा इतिहास म्हणून सांगितला जातो. त्याला शेताची आणि धान्याची जी बाजू आहे, तिचा उल्लेख क्वचितच होतो. १५४० च्या सुमारास तिसवाडीतील देवळे पाडण्यात आली आणि १५४१ साली त्या देवळांच्या जमिनींचे उत्पन्न ख्रिस्ती धर्मसंस्थांकडे वळविण्यात आले. पुढे बारदेश आणि साष्टी येथेही तोच प्रकार झाला. कुठ्ठाळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा, वेर्ण्याची म्हाळसा, लोटलीचा रामनाथ ही दैवते रात्रीच्या अंधारात जुवारी ओलांडून अंत्रुजात आली. भाविकांनी मूर्ती डोक्यावर घेतल्या. खाजने डोक्यावर घेता येत नव्हती. देव गेले आणि त्यांची शेते, मानशी, बांध मागे राहिले. कुंकळ्ळीच्या १५८३ च्या उठावानंतर तर त्या परिसरातील पाच गावांच्या जमिनीच गावकारांकडून हिरावून घेण्यात आल्या. त्यांची शांतादुर्गा फातर्प्याला गेली.

आश्रयाला आलेल्या देवांच्या नैवेद्याची सोय नव्याने करावी लागली. ज्यांची घरे-शेते सुटली होती, त्याच कुटुंबांनी ती हळूहळू उभी केली. कोणी कुळागर देवाला वाहिले, कोणी भातशेत, कोणी वार्षिक समाराधनेचा भार उचलला. मराठ्यांच्या राजवटीत या प्रयत्नांना बळ मिळाले. शाहू महाराजांच्या दरबारातील मंत्री नारोराम यांच्या खटपटीने कवळे गाव, तर पेशव्यांचे सरदार रामचंद्र मल्हार सुखटणकर यांच्या खटपटीने मंगेशी गाव १७३९ साली त्या त्या देवस्थानांस मिळाला. ही दाने नुसत्या कळस-सभामंडपांसाठी नव्हती. त्या गावांच्या उत्पन्नातून नित्यनैवेद्य, अतिथींची अग्रशाळेतील सोय आणि सेवेकऱ्यांची पोटे चालत.

१७६३ साली अंत्रुज पोर्तुगीजांच्या ताब्यात गेले. परंतु तोवर छळाचा जोर ओसरला होता आणि नव्या काबिजादीतील रहिवाशांना त्यांचा धर्म व रिवाज पाळण्याची हमी देण्यात आली. पुढे १८८६ साली देवस्थानांच्या महाजनीसाठी नियमावली झाली आणि १९३३ साली तिची जागा नव्या कायद्याने घेतली. महाजन, मुखत्यार, खजिनदार, वार्षिक अंदाजपत्रक या आज परिचित असलेल्या चौकटी या नियमांनी पक्क्या केल्या. १९०४ च्या संहितेने गावकीलाही, म्हणजे पोर्तुगीज परिभाषेतील कोमुनिदादला, असेच कायद्याचे रूप दिले. हिशेब चोख झाला. परंतु गावाचा व्यवहार जसजसा कागदावर स्थिरावला, तसतसे बांधावर जाणाऱ्या गावकाराची संख्या रोडावली. जोण घेण्यापुरता गावकार गावात उरला आणि बांध मुनिमाच्या वहीतील एक खर्चाची बाब झाला.

भुकेची वर्षे

गावकी होती म्हणून गोव्यात भूक नव्हती, असा समज करून घेणे सत्याला धरून होणार नाही. गोव्याचे भात गोव्याला क्वचितच पुरले. सतराव्या शतकात कानडा किनाऱ्यावरील बसरूर, होन्नावर, मंगळूर या बंदरांतून तांदळाची गलबते युद्धनौकांच्या संरक्षणाखाली गोव्यास आणली जात. ती अडली की शहर हवालदिल होई. पुढील काळात ब्रह्मदेशाच्या तांदळावर मदार आली. दुसऱ्या महायुद्धात १९४२ साली ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात गेला, तेव्हा त्याची झळ सबंध भरतखंडाप्रमाणे गोव्यालाही लागली. १९५५ च्या सुमारास भारत सरकारने आर्थिक निर्बंध लादले. त्या काळात समुद्रमार्गे दूरदूरच्या देशांतून तांदूळ आणि भाजीपाला आणून राजवटीने बाजार भरलेले ठेवण्याचा प्रयत्न केला. खाणी आणि बंदर यांवर रोख मजुरी मिळू लागली होती, परदेशी माल दुकानांत दिसत होता. मात्र त्याच वेळी नांगर धरणारे हात शेत सोडून निघाले होते. आयात केलेल्या तांदळाने आजची भूक भागते, उद्याचा बांध दुरुस्त होत नाही, हा धडा त्या वर्षांत होता. तो फार थोड्यांनी घेतला.

घाटावरील मराठी मुलुखात भुकेचे स्वरूप अधिक भीषण होते आणि तिच्याशी झुंजण्याच्या रीतीही वेगळ्या होत्या. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बादशाही कोठारे रयतेसाठी खुली केली, ही कथा मराठी मनाने पिढ्यानपिढ्या जपली. १६३० सालापासूनच्या दुष्काळात तुकोबारायांच्या घरी अन्नाअभावी मृत्यू शिरला. त्याच तुकोबांनी, परंपरा सांगते त्याप्रमाणे, आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडली. अहिल्यादेवी होळकर यांनी अठराव्या शतकात ठिकठिकाणच्या तीर्थक्षेत्री अन्नछत्रे घातली. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात पुणे सार्वजनिक सभेने रयतेची स्थिती सरकारपुढे मांडली, तर जोतीराव फुले आणि सत्यशोधक समाजाच्या कार्यकर्त्यांनी धनकवडी येथे दुष्काळग्रस्त मुलांसाठी अन्नाची व निवाऱ्याची सोय केली. पुढे १९७२ च्या दुष्काळात भुकेल्याला शिजलेले अन्न देण्याबरोबरच काम देण्याचा विचार प्रबळ झाला आणि महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला.

या दोन परंपरांतील भेद लक्षात घेण्याजोगा आहे. कोठार उघडणे हे थोर मनाचे कृत्य खरे. परंतु ते एका व्यक्तीच्या औदार्यावर अवलंबून असते. गावकीने औदार्याची वाट पाहिली नाही. तिने वाटा आधीच काढून ठेवला. मात्र तो वाटा कोणापर्यंत पोहोचत होता, हा प्रश्न टाळून पुढे जाता येत नाही.

पंगतीबाहेरचे

खाजनाचा बांध गावकीच्या खर्चाने होई, पण चिखल उपसून तो घालणारे हात बहुधा गावकारांचे नसत. कुणबी, गावडे, मुंडकार आणि इतर श्रमजीवी समाजांनी तो घातला. रोपणी आणि बेणणी स्त्रियांनी केली. गावकीच्या सभेत मात्र यांपैकी कोणालाही स्थान नव्हते. गावकारी जन्माने मिळे आणि तीही पुरुषवारसाला. कोसंबींसारख्या अभ्यासकांनी गावकीच्या सामूहिक स्वरूपाचे महत्त्व ओळखले, त्याबरोबरच ती विशिष्ट कुळांची संस्था होती, ही गोष्टही झाकून ठेवली नाही.

देवळातील पंगतीचेही तसेच होते. पंगती जातीच्या क्रमाने बसत. ज्याने भात पिकविले, त्याच्या पानापर्यंत तो भात सर्वांत शेवटी पोहोचे. काहींना तर आवाराबाहेर थांबून उरलेसुरले घ्यावे लागे. अन्न एकच, देव एकच आणि दान मात्र पायरीपायरीने, अशी ही रीत होती. महाजनांच्या पूर्वजांच्या पुण्याईचे स्मरण करताना हे न्यूनही मान्य केले पाहिजे. ते मान्य केल्याने त्या पुण्याईला उणेपणा येत नाही. ते लपविल्याने मात्र पुढील पिढीला इतिहास अर्धाच कळतो.

१९६१ साली गोवा मुक्त झाला आणि हा अन्याय दूर करण्याच्या दिशेने पावले पडली. १९६४ च्या कूळकायद्याने कुळाला संरक्षण मिळाले आणि खंड उत्पन्नाच्या सहाव्या हिश्श्यापर्यंत मर्यादित झाला. १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने कसणारा हाच जमिनीचा मालक मानला गेला. अनेक देवस्थानांची व कोमुनिदादींची शेते या कायद्यांमुळे कुळांकडे गेली. देवस्थानांच्या कोठीत येणारे भात आटले, वर्षासनांचे व समाराधनांचे जुने हिशेब कोलमडले आणि अनेक महाजन घराण्यांत त्याची खंत दीर्घकाळ राहिली. ती खंत समजण्यासारखी आहे. परंतु ज्याच्या घामाने शेत पिकले, त्याला ते मिळणे हा न्याय होता, हे आज पन्नास वर्षांनंतर शांतपणे म्हणता येते.

हानी झाली ती वेगळ्याच जागी. शेताचे तुकडे होऊन ते मालकांना मिळाले. बांध मात्र अविभाज्य राहिला आणि त्याला मालक उरला नाही. बांधांची जबाबदारी कुळांच्या संघांकडे आली. काही संघांनी ती निष्ठेने पाळली. काही ठिकाणी मानशीतील मासळीच्या पावणीचे उत्पन्न शेतापेक्षा मोलाचे वाटू लागले आणि दारे वेळेवर मिटेनाशी झाली. दरम्यान नोकऱ्या वाढल्या, मजुरी महागली आणि एकेका कुटुंबाकडील शेत परवडेनासे झाले. खाणींच्या प्रदेशात पावसाबरोबर वाहून आलेल्या मातीने शेते भरली. रस्ते आणि इमारती यांसाठी भराव पडले. पूर्वी समुद्राशी झुंजून मिळविलेली जमीन अशा रीतीने कोणतीही झुंज न होता पडीक होत गेली. भातशेती बिगरशेतकऱ्यांकडे जाऊ नये म्हणून गोवा विधानसभेने २०२३ साली कायदा केला, यावरूनच प्रश्नाचे गांभीर्य ध्यानात यावे.

आजची भूक

आता दुष्काळ पडून माणसे मरण्याचे दिवस राहिले नाहीत. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने पात्र कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस दरमहा पाच किलो धान्याचा हक्क दिला आहे. शाळांतून मुलांना दुपारचे जेवण मिळते. पण भूक नाहीशी झाली, असे म्हणता येत नाही. तिने आपली जागा बदलली. पूर्वी ती शेत नसलेल्याच्या झोपडीत दिसे. आता ती शिधापत्रिकेच्या यादीत नाव नसलेल्या परप्रांतीय मजुराच्या खोलीत, मुले दूरदेशी असलेल्या एकाकी वृद्धेच्या स्वयंपाकघरात, दूरच्या गावाहून इस्पितळात आणलेल्या रुग्णाच्या सोबत्याच्या पिशवीत लपलेली आढळते. २०२० च्या टाळेबंदीत ती काही आठवडे उघड्यावर आली. कामे थांबलेले मजूर रस्त्यांवर दिसू लागले. त्या काळात देशभर देवळे, गुरुद्वारे, मशिदी, चर्चसंस्था आणि तरुणांची मंडळे यांनी चुली पेटविल्या. कोणाची जात, कोणाचा गाव, हे विचारण्यास त्या दिवसांत कोणाला सवड नव्हती. शतकांच्या पायऱ्या गरजेने काही आठवड्यांत पुसल्या.

शेताच्या बाजूनेही आशेची चिन्हे आहेत. अलीकडच्या वर्षांत गोव्यातील काही गावांत तरुणांनी, शेतकरी मंडळांनी आणि काही ठिकाणी चर्चच्या धर्मगुरूंनी पुढाकार घेऊन वर्षानुवर्षे पडीक राहिलेली शेते एकत्रितपणे नांगराखाली आणली. मांडवीतील जुवें बेटावरचा प्रयत्न यांपैकी विशेष उल्लेखनीय होय. कोणाची मेर कोठे संपते हा वाद बाजूस ठेवून सलग पट्टा कसला, तर यंत्र उतरविता येते, खर्च वाटला जातो आणि पीक पदरात पडते, हा अनुभव तेथे आला. गावकीने जे शतकानुशतके जाणले होते, त्याचाच हा पुनःप्रत्यय म्हणावा लागेल. फरक एवढाच, की या नव्या गावकीत कोणाला जन्मावरून बाहेर ठेवलेले नाही.

महाजनांपुढील कार्य

देवस्थानांच्या महाजनांना या इतिहासातून काय घेता येईल? गेलेली जमीन परत मागण्याचा हा विषय नव्हे. परंतु अनेक देवस्थानांकडे आणि अनेक महाजन कुटुंबांकडे आजही थोडेफार भातशेत आहे आणि त्यांतील पुष्कळसे पडीक आहे. असे एखादे शेत अन्नदानासाठी निश्चित करून ते महाजन, भाविक आणि गावातील शेतकरी यांनी मिळून कसणे अशक्य नाही. रोपणीच्या दिवशी आणि कापणीच्या दिवशी महाजन कुटुंबांतील मुलाबाळांनी चिखलात उतरावे. पालखीला खांदा देण्याइतकेच ते पुण्याचे मानले जावे. ज्यांना श्रम शक्य नाहीत, त्यांनी बियाणे, नांगरणी, मळणी यांचा खर्च उचलावा. बांध व मानस यांच्या दुरुस्तीसाठी वार्षिक अंदाजपत्रकात स्वतंत्र रक्कम असावी आणि जुन्या गावकीच्या क्रमाप्रमाणे ती उत्सवखर्चाच्या आधी काढली जावी.

हे काम सोपे नाही, याचीही जाणीव ठेवावी लागेल. हौसेने उतरलेले हात पहिल्या वर्षी पुष्कळ असतात, तिसऱ्या वर्षी मोजके उरतात. नांगरणी आणि पाण्याचे नियोजन अनुभवी शेतकऱ्याच्या हाती असले पाहिजे आणि त्याला त्याच्या कामाचा योग्य मोबदला मिळाला पाहिजे. सेवेच्या नावाखाली त्याचे श्रम फुकट घेतले, तर जुन्या अन्यायाचीच पुनरावृत्ती होईल. एका शेताच्या पिकाने गावाची भूक भागणार नाही, हेही उघड आहे. पण त्या पिकाचा तांदूळ महाप्रसादात मिसळला, तर पंगतीला बसलेल्या प्रत्येकाला भात कोठून येतो या प्रश्नाचे उत्तर पुन्हा ठाऊक होईल.

तसेच अन्नसंतर्पणाचा एक वाटा देवळाच्या आवाराबाहेर जावयास हवा. उत्सवाच्या दिवशी जेवणारा भाविक बहुधा घरी जेवून येऊ शकणारा असतो. जो येऊ शकत नाही, त्याच्या दारी डबा पोहोचणे हे खरे अन्नदान होय. गावातील एकाकी वृद्धांची आणि अडलेल्या कुटुंबांची यादी देवस्थानाला अवघड नाही. कुळावी, सेवेकरी, शिक्षिका, अंगणवाडीच्या बाई यांना ती तोंडपाठ असते. नैवेद्य देवाला दाखविल्यावर पहिले पान या यादीसाठी निघावे आणि महाजनांचे पान अखेरीस मांडले जावे. गावकारांचा जोण सर्वांत शेवटी काढणाऱ्या पूर्वजांचा तो खराखुरा वारसा ठरेल.

देवांना घेऊन जुवारी ओलांडणाऱ्या कुटुंबांपाशी त्या रात्री ना शेत होते, ना कोठार. पलीकडच्या तीरावर ज्यांनी त्यांना थारा दिला, त्यांनी आपल्या चुलीवरचे अन्न त्यांच्यापुढे ठेवले असेल, तेव्हाच पुढची देवळे उभी राहिली. आज उभ्या असलेल्या प्रत्येक सभामंडपाच्या पायाशी कोणा अनामिकाने वाढलेले ते पहिले पान आहे. त्या पानाचे ऋण शिरावर असलेल्या महाजन परिवाराने भुकेल्याच्या पानाची चिंता वाहणे, हीच देवाच्या सेवेची परिपूर्ती होय.